घरच्या आर्केड कॅबिनेटचे फ्रंट-एंड बदलताना: इम्युलेशनस्टेशनकडून ॲट्रॅक्ट-मोडकडे

प्लायवूडचे कॅबिनेट उभे राहिले, सनमायका चिकटवून झाला, जॉयस्टिक आणि बटणे जोडून झाली, आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) बसवून त्यावर रेट्रोपाय हे जुने खेळ चालवणारे सॉफ्टवेअर चालू झाले, की बहुतेक जण काही महिने निवांत खेळतात. मग केव्हातरी खटकू लागते की समोरचे यंत्र दिसते आर्केडचे, पण चालू केल्यावर पडद्यावर येतो तो घरगुती कन्सोलसारखा मेनू. आधी सिस्टिम निवडा, मग यादी उघडा, मग खेळ शोधा. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एकेका यंत्रासमोर रुपयाचे नाणे घेऊन उभे राहिलेल्या माणसाला ही पायरी-पायरीची वाट परकी वाटणे साहजिक आहे. हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांचे कॅबिनेट रेट्रोपायवर नीट चालते आहे आणि ज्यांना त्यातल्या इम्युलेशनस्टेशन या नेहमीच्या मेनूच्या जागी ॲट्रॅक्ट-मोड हे फ्रंट-एंड आणायचे आहे.

फ्रंट-एंड म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट असावे, कारण नवख्यांच्या निम्म्या चुका इथल्याच गोंधळातून होतात. खेळ चालवण्याचे काम इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, करतो. १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेला मेम हा आर्केडच्या जगातला सर्वांत परिचित इम्युलेटर. फ्रंट-एंड फक्त खेळांची यादी दाखवते, आपण निवडलेल्या खेळाचे नाव इम्युलेटरकडे सोपवते आणि खेळ संपेपर्यंत बाजूला थांबते. रेट्रोपायमध्ये या दोघांच्या मध्ये रनकमांड नावाचा आणखी एक दुवा आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर क्षणभर जी करडी चौकट दिसते, ती त्याचीच. एखाद्या खेळासाठी आपण तिथे वेगळा इम्युलेटर निवडून ठेवला असेल, तर ती निवड रनकमांडकडे नोंदलेली असते, आणि रेट्रोपायवर बसवलेले ॲट्रॅक्ट-मोडही खेळ रनकमांडमार्फतच सुरू करते. त्यामुळे फ्रंट-एंड बदलले तरी खेळ, त्यांचे इम्युलेटर, जतन केलेले डाव आणि रेट्रोआर्चमधली (इम्युलेटर ज्याच्या आत चालतात त्या प्रोग्रॅममधली) बटणांची मांडणी यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. बदलतो तो दर्शनी दरवाजा.

बदल करावाच का, याचाही विचार व्हावा. ज्यांच्या यंत्रात पंधरा-वीस प्रकारचे कन्सोल आणि त्यांचे शेकडो खेळ आहेत, त्यांना इम्युलेशनस्टेशनच सोयीचे आहे आणि त्यांनी या भानगडीत पडू नये, असे माझे मत आहे. ज्यांच्या कॅबिनेटवर मुख्यतः आर्केडचेच खेळ आहेत, त्यांना मात्र ॲट्रॅक्ट-मोड शोभते. अँड्र्यू मिकेलसन यांनी लिहिलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरचे नावही आर्केडच्या परिभाषेतून आले आहे. कोणी नाणे टाकलेले नसताना यंत्र स्वतःशीच खेळाची झलक दाखवत राहते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवते, त्या अवस्थेला ॲट्रॅक्ट मोड म्हणतात.

आता पहिली पायरी, जी टाळण्याचा मोह सर्वांना होतो. पायचे सगळे सॉफ्टवेअर ज्या मेमरी कार्डावर असते, त्या चालू कार्डावर बदल करू नये. त्या कार्डाची पूर्ण प्रत काढावी आणि सगळे काम प्रतीवर करावे. मी पहिल्या वेळी हे केले नव्हते. भाच्याच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, आता अर्ध्या तासाचे तर काम आहे असे म्हणून चालू कार्डावरच नवे फ्रंट-एंड बसवायला घेतले, स्थापना निम्म्यावर असताना वीज गेली, आणि वीज आल्यावर पाय सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या कॅबिनेटचा उपयोग लपाछपीसाठी केला. पावसाळ्यात किंवा वीज बेभरवशाची असलेल्या भागात हे काम इन्व्हर्टरवर, निदान दिवसाउजेडी करावे.

प्रत काढण्याच्या आधी इम्युलेशनस्टेशन मेनूतून रीतसर बंद करावे, मुख्य स्विच दाबून नव्हे. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आवडते म्हणून खूण केलेले खेळ आणि प्रत्येक खेळ किती वेळा खेळला याच्या नोंदी इम्युलेशनस्टेशन मूळ व्यवस्थेत बाहेर पडतानाच यादीच्या फाइलमध्ये लिहिते. थेट वीज तोडणाऱ्यांच्या नोंदी म्हणूनच हरवत असतात. यंत्र पूर्ण बंद झाल्यावर कार्ड काढून संगणकात घालावे. विंडोज संगणक त्या कार्डावरचा लिनक्सचा भाग ओळखत नाही आणि हे कार्ड फॉरमॅट करायचे का, असे विचारतो. या प्रश्नाला होकार दिला तर सगळे संपले; खिडकी नुसती बंद करावी. त्यानंतर विन-थर्टीटू डिस्क इमेजरसारख्या साधनाने कार्डाची संपूर्ण प्रतिमा (सगळे कार्ड जसेच्या तसे साठवणारी एक फाइल) संगणकावर वाचून घ्यावी आणि ती दुसऱ्या कार्डावर लिहावी. दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डे तंतोतंत सारख्या क्षमतेची नसतात, आणि नवे कार्ड काही एमबीने जरी लहान निघाले तरी प्रतिमा त्यावर मावत नाही, म्हणून नवे कार्ड एक माप मोठे, म्हणजे ६४ जीबीचे घ्यावे. जुन्या कार्डावर तारीख लिहून ते डबीत ठेवावे.

नव्या कार्डावर पाय सुरू करून दोन-तीन खेळ खेळून पाहावेत. पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या ठिणगीचे चिन्ह उमटत असेल, तर पायला मिळणारा विद्युतदाब ४.६३ व्होल्टच्या खाली जातो आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि मोबाइलच्या चार्जरवर पाय चालवणाऱ्यांना ते हमखास दिसते. पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा, तर पाय ४ ला ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण अपुऱ्या विजेवर कार्ड खराब होते आणि दोष मात्र नव्या सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

इथून पुढे कीबोर्ड जोडलेला हवा आणि इंटरनेट चालू हवे. इम्युलेशनस्टेशनमधल्या रेट्रोपायच्या मेनूतून रेट्रोपाय सेटअप उघडावे. आधी त्या सेटअपची स्क्रिप्टच (आज्ञांची फाइल) अद्ययावत करून घ्यावी, त्याचा पर्याय पहिल्याच पडद्यावर असतो. मग पॅकेजेसच्या व्यवस्थापनात जाऊन प्रायोगिक पॅकेजेसच्या यादीतून ॲट्रॅक्ट-मोड निवडावे आणि बसवावे. प्रायोगिक या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. रेट्रोपायचे कर्ते ज्याची मुख्य जबाबदारी घेत नाहीत, ते सारे त्या खणात असते. स्थापनेत मूळ संहितेपासून बांधणी होत असेल, तर पाय ३ वर ती बराच वेळ घेते आणि पडद्यावर इंग्रजी ओळी धावत राहतात. त्या थांबल्यासारख्या वाटल्या तरी यंत्र बंद करू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना आत्ताच देतो. ॲट्रॅक्ट-मोड बसले म्हणून इम्युलेशनस्टेशन काढून टाकू नये. जॉयस्टिकची ओळख करून देणारा, एकेक बटण दाबायला सांगणारा जो पडदा इम्युलेशनस्टेशनमध्ये आहे, तोच रेट्रोआर्चसाठी त्या जॉयस्टिकची फाइल लिहितो. ॲट्रॅक्ट-मोडमध्ये केलेली बटणांची जोडणी फक्त त्याच्या स्वतःच्या मेनूपुरती असते; ती खेळापर्यंत पोहोचत नाही. उद्या एन्कोडर (बटणांच्या वायरी पायला जोडणारी पाटी) बदलला किंवा एखादे बटण त्याच्या दुसऱ्या पिनवर जोडले, तर इम्युलेशनस्टेशनकडेच परत जावे लागेल.

स्थापना झाल्यावर सुरुवातीला कोणते फ्रंट-एंड उघडावे, हे ठरवावे लागते. रेट्रोपाय सेटअपच्या साधनांमध्ये ऑटोस्टार्ट हा विभाग आहे, त्यात फाइल हाताने संपादित करण्याचा पर्याय मिळतो. फाइल उघडल्यावर त्यात एक ओळ दिसते: इम्युलेशनस्टेशन हे नाव आणि त्यापुढे ऑटो असा शेरा. ही ओळ खोडू नये. तिच्या वर एक नवी ओळ तयार करून तिथे ॲट्रॅक्ट एवढा एकच शब्द, इंग्रजी लहान लिपीत, मोड हा भाग वगळून लिहावा आणि फाइल जतन करावी. फाइलमधल्या आज्ञा वरून खाली एकापाठोपाठ एक चालतात, त्यामुळे यंत्र सुरू झाल्यावर प्रथम ॲट्रॅक्ट-मोड उघडते आणि त्यातून बाहेर पडल्यावर जुने इम्युलेशनस्टेशन समोर येते. पहिले काही आठवडे अशीच व्यवस्था राहू द्यावी, कारण काहीही अडले तर परतीची वाट एका बटणावर असते.

पहिल्यांदा ॲट्रॅक्ट-मोड उघडते तेव्हा ते इतके ओकेबोके दिसते की आपण उगाच उठाठेव केली, असे वाटते. काळा पडदा, साधी यादी, बहुधा चित्रे नाहीत. कीबोर्डवरची टॅब कळ दाबली की रचना-मेनू उघडतो, आणि इथून पुढचे जवळपास सगळे काम त्याच मेनूत होते. रेट्रोपायने आपल्या यंत्रातल्या प्रत्येक सिस्टिमसाठी इम्युलेटरची नोंद तयार करून ठेवलेली असते. मेनूतल्या इम्युलेटर विभागात जाऊन आर्केडची नोंद उघडावी आणि तिथूनच खेळांची यादी तयार करण्याची आज्ञा द्यावी. त्याच नोंदीत बाहेर पडण्याची कळ ठरवण्याचीही जागा असते, ती मोकळी सोडावी. खेळातून बाहेर पडण्याचे काम रेट्रोआर्चचे सिलेक्ट आणि स्टार्ट हे जोडबटण आधीपासून करते आहे, त्यात दुसरा वाटेकरी नको.

मग जॉयस्टिक. कंट्रोल्सच्या विभागात वर, खाली, निवड, मागे, आवडते अशा प्रत्येक क्रियेपुढे नवी कळ जोडण्याची सोय आहे. ती निवडून हवे ते बटण दाबले की नोंद होते. इथे आपल्या कॅबिनेटमध्ये कोणता एन्कोडर आहे यावर पुढचा मार्ग ठरतो. आय-पॅक जातीचा एन्कोडर स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतो: जॉयस्टिक म्हणजे बाणांच्या कळा, पहिल्या खेळाडूचे स्टार्ट म्हणजे १, नाणे म्हणजे ५, पहिले बटण म्हणजे डावी कंट्रोल कळ. त्यात पहिले स्टार्ट दाबून धरून जॉयस्टिक उजवीकडे ढकलली की टॅब उमटते, म्हणजे कीबोर्डशिवायही रचना-मेनू उघडतो. सोय मोठी आहे, पण पाहुण्यांच्या मुलांना ती पाच मिनिटांत सापडते. मांडणी एकदा मनासारखी झाली की रचना-मेनू उघडण्याची कळ टॅबवरून काढून कीबोर्डवरच्या एखाद्या आडवळणाच्या कळीवर न्यावी.

ज्यांच्याकडे स्वस्तातले, झीरो-डिले नावाने विकले जाणारे दोन यूएसबी एन्कोडर आहेत, त्यांना वेगळाच अनुभव येतो. दोन्ही पाट्या यंत्राला एकाच नावाने ओळख देतात, त्यामुळे पहिला खेळाडू कोण आणि दुसरा कोण, हे त्या कोणत्या क्रमाने ओळखल्या गेल्या यावर ठरते. कंट्रोल्सच्या यादीत जॉय शून्य आणि जॉय एक असे दिसेल, तेव्हा प्रत्यक्ष हाताने जॉयस्टिक हलवून शून्य क्रमांक कोणत्या बाजूचा आहे ते पाहावे, आणि त्या दोन्ही यूएसबी वायरींवर व पायच्या सॉकेटांवर रंगीत चिकटपट्टी लावावी. उद्या कॅबिनेटची मागची फळी उघडून कोणी झाडलोट केली आणि वायरी अदलाबदल करून खोचल्या, तर हीच पट्टी वाचवते. मेनूतल्या वर आणि खाली या क्रियांना दोन्ही जॉयस्टिक जोडाव्यात. दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही यादी चाळता यावी.

आता यादीकडे. आर्केडच्या रॉम-फाइलींची, म्हणजे खेळ ज्यांत साठवलेला असतो त्या फाइलींची, नावे आखूड असतात. १९९१ सालचा स्ट्रीट फायटर टू हा खेळ फाइलच्या नावात दोन अक्षरे आणि एक आकडा एवढाच उरतो. इम्युलेशनस्टेशनकडे या आखूड नावांचा कोश असतो आणि ते पूर्ण नाव दाखवते. ॲट्रॅक्ट-मोडला मात्र बाहेरून माहिती पुरवली नाही तर ते फाइलचेच नाव छापते. चित्रांचीही तीच गत. इम्युलेशनस्टेशनच्या अंगभूत स्क्रेपरने (खेळांची माहिती आणि चित्रे इंटरनेटवरून आणणाऱ्या साधनाने) उतरवलेल्या चित्राच्या नावात खेळाच्या नावापुढे इमेज असे शेपूट जोडलेले असते, तर ॲट्रॅक्ट-मोड नेमके रॉम-फाइलच्याच नावाचे चित्र शोधते, आणि तेही रॉमच्या फोल्डरमधल्या स्नॅप, मार्की, फ्लायर आणि व्हील या पोटफोल्डरांत. आधीची चित्रे तिथे नुसती नेऊन ठेवली तरी ती दिसत नाहीत, कारण नाव जुळत नाही.

यावर मला सर्वांत सरळ वाटलेला उपाय म्हणजे स्कायस्क्रेपर. रेट्रोपायमध्ये ते ऐच्छिक पॅकेज म्हणून मिळते. ते इंटरनेटवरून माहिती आणि चित्रे एकदा आपल्या साठ्यात उतरवून घेते आणि मग त्याच साठ्यातून इम्युलेशनस्टेशनसाठी, ॲट्रॅक्ट-मोडसाठी, हव्या त्या फ्रंट-एंडसाठी यादी बनवते. पूर्वी तुम्ही इम्युलेशनस्टेशनसाठी स्कायस्क्रेपर वापरले असेल, तर पुन्हा काही उतरवावे लागत नाही. ॲट्रॅक्ट-मोडची यादी बनवताना फ्रंट-एंडच्या नावाबरोबर ॲट्रॅक्ट-मोडमधल्या इम्युलेटर-नोंदीचे नावही द्यावे लागते. ते विसरले तर काम पुढे सरकत नाही. रेट्रोपायच्या मेनूतून ही सोय मिळत नसल्याने आज्ञा टर्मिनलवर (आज्ञा लिहिण्याच्या पडद्यावर) टंकावी लागते, आणि इम्युलेशनस्टेशनमधून टर्मिनलवर जाण्यासाठी एफ ४ कळ आहे.

तयार झालेली यादी ही साधी मजकुराची फाइल असते: एका ओळीत एक खेळ, आणि नाव, शीर्षक, वर्ष, निर्माता, खेळाडूंची संख्या, पडद्याची दिशा असे रकाने अर्धविरामांनी वेगळे केलेले. ती एकदा उघडून डोळ्यांखालून घालावी. निओ-जिओ या आर्केड यंत्राच्या खेळांसाठी लागणारी बायोस फाइल (यंत्राचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर) त्याच फोल्डरमध्ये असावी लागते, आणि ती खेळ म्हणून यादीत येऊन बसते. ती ओळ यादीतून काढावी, फाइल मात्र जागेवरून हलवू नये. फाइल हलवली तर त्या कुटुंबातले सगळे खेळ एकदम बंद पडतात, आणि नवखा माणूस पुन्हा फ्रंट-एंडलाच बोल लावतो.

रकाने भरलेले असतील तर गाळण्या (फिल्टर) लावता येतात, आणि आर्केड कॅबिनेटला खरी शोभा त्यांनीच येते. डिस्प्लेजच्या विभागात यादीला एकाहून अधिक गाळण्या जोडता येतात. मी तीन ठेवल्या आहेत: आवडते खेळ, दोघांनी खेळायचे खेळ, आणि उभ्या पडद्याचे खेळ. १९८० चा पॅक-मॅन आणि १९८१ चा गॅलेगा हे दोन्ही २२४ बाय २८८ बिंदूंच्या उभ्या चित्राचे खेळ आहेत, तर स्ट्रीट फायटर टू ३८४ बाय २२४ चा आडवा. ज्यांनी कॅबिनेटमध्ये मॉनिटर उभा बसवला आहे, त्यांनी उभ्या पडद्याची गाळणी मुख्य करावी आणि सर्वसाधारण रचनेत पडदा फिरवण्याचा पर्यायही द्यावा. इम्युलेशनस्टेशनमधल्या आवडत्या खेळांच्या खुणा इकडे येत नाहीत. त्या जुन्या यादीवरून कागदावर उतरवून हाताने पुन्हा कराव्यात. तेवढ्या श्रमात निम्मी यादी आपोआप गळते, असा माझा अनुभव आहे.

सगळे बसल्यावर एखादी रॉम-फाइल चालत नाही असे आढळले, तर तोच खेळ जुन्या इम्युलेशनस्टेशनमधून चालवून पाहावा. तिथेही चालत नसेल, तर दोष रॉम-फाइलींच्या संचाच्या आवृत्तीत आहे: मेम २००३ हा इम्युलेटर ०.७८ आवृत्तीच्या संचाशी, तर मेम २०१० हा ०.१३९ शी जुळतो, आणि एकाचा संच दुसऱ्याला पुष्कळदा चालत नाही. चाचणीसाठी मेमच्या कर्त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर हक्कदारांच्या परवानगीने ठेवलेले ग्रिडली आणि रॉबी रोटो यांसारखे खेळ वापरावेत. बाकीच्या बहुतेक खेळांवर आजही स्वामित्वहक्क आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

शेवटी बंद करण्याची व्यवस्था. सर्वसाधारण रचनेत बाहेर पडताना खात्री करून घेण्याचा पर्याय चालू ठेवावा. आय-पॅकवाल्यांना तर तो हवाच, कारण खेळ सोडण्यासाठी दाबलेली एस्केप पुष्कळदा मागच्या मेनूलाही जाऊन लागते. तिथेच बाहेर पडल्यावर चालवायच्या आज्ञेची जागा आहे. तीत यंत्र बंद करण्याची आज्ञा लिहिली, की घरातल्या कोणालाही जॉयस्टिकवरून कॅबिनेट रीतसर बंद करता येते. ही आज्ञा लिहिण्याच्या दिवशी मात्र ऑटोस्टार्टच्या फाइलमधली इम्युलेशनस्टेशनची ओळ निष्क्रिय करावी, नाहीतर एकीकडे यंत्र बंद होऊ लागते आणि दुसरीकडे जुने फ्रंट-एंड उघडू लागते. ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकले की पुरते.

महिनाभर कॅबिनेट विनातक्रार चालल्यावर या नव्या कार्डाचीही प्रतिमा काढून घ्यावी आणि संगणकावर जुन्या प्रतिमेशेजारी ठेवावी. डबीतले जुने कार्ड मोबाइलसाठी मागायला घरातले कोणीतरी येईलच. त्याला दुसरे विकत आणून द्यावे.